देजॉनचे दिवाणजी

दिवाणजी अंगानं किरकोळ. हाताच्या पंजात मावतील एवढे, फिकट हिरव्या रंगाचे, कोपरे किंचित दुमडलेले. अंगावर पारदर्शक प्लॅस्टिकचं आवरण, पाठीवर काळी चुंबकीय पट्टी. पहिल्या पानावर तांबड्या शाईतला गोल शिक्का आणि मालकिणीचं नाव, तेही अपुरं. कोरियात माणसाचं नाव बहुधा तीन अक्षरांत उरकतं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातून आलेल्या बाईचं आडनाव, नाव आणि आजीच्या हौसेनं ठेवलेलं मधलं नाव एवढा ऐवज बँकेच्या चौकटीत मावला नाही. शेवटची अक्षरं बाहेर राहिली ती राहिलीच. ओळखपत्रावरचं नाव आणि पासबुकावरचं नाव जुळत का नाही, हे बाईला पुढे फोन कंपनीपासून विम्याच्या कचेरीपर्यंत सगळीकडे विचारत राहिले. दिवाणजींना त्याचं काही नव्हतं. त्यांच्या लेखी खातेक्रमांक जुळला की माणूस जुळला.

त्यांचं खरं नाव थोंगजांग. कोरियात बँकेच्या पासबुकाला असंच म्हणतात. दिवाणजी हे मी ठेवलेलं नाव. कानाला टाक लावून वाड्याच्या ओसरीवर बसणारे, घरात काय आलं आणि काय गेलं हे मालकाच्या आधी जाणणारे, विचारल्याशिवाय तोंड न उघडणारे आणि विचारलं तरी सल्ला न देणारे जे गृहस्थ जुन्या घरांतून असत, त्यांच्याच पठडीतले हे.

नवरा कोरियातल्या देजॉन शहरात एका संशोधन संस्थेत पोस्टडॉक करत होता, म्हणून आमचं बिऱ्हाड युसाँग भागात होतं. काइस्ट ही नावाजलेली तंत्रविद्येची संस्था तिथेच, त्यामुळे भारतीय संशोधक आणि त्यांच्या बायका भाजीच्या दुकानात भेटत. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर ही बाई राहत असे. माझ्याहून वयानं थोडी मोठी, म्हणून तिथल्या रीतीप्रमाणे मी तिला ऑन्नी म्हणे. आपल्याकडे ताई म्हटलं असतं. ऑन्नी इंग्रजी शिकवायला २०१४ च्या ऑगस्टमध्ये कोरियात आली. शिकवण्याची आवड वगैरे तिनं कधी सांगितली नाही. बेत वेगळा होता. आधी कॉलेजचं कर्ज फेडायचं, मग साठवायचं, आणि चाळिशी ओलांडली की नोकरी नावाचं प्रकरण मिटवून टाकायचं. तिच्या कपाटाच्या आतल्या बाजूला एक आकडा चिकटवलेला होता. तो गाठला की निवृत्ती. बेत तिचा, पण तो रोज वाहायचा कोणी, तर दिवाणजींनी.

पगार दर महिन्याच्या १० तारखेला होई. त्यानंतर येणाऱ्या शनिवारी ऑन्नी बँकेच्या बाहेरच्या यंत्राशी जाई, आणि फिरायला म्हणून मीही बरोबर. दिवाणजींना उघडं करून फटीत सरकवायचं. आत खरखर सुरू होई. महिनाभरात जे घडलं ते सगळं ओळीनं उमटे. पान भरलं की यंत्रच पान उलटी, आणि पुन्हा खरखर. फोनवर सगळं दिसत असताना हा खटाटोप कशाला, असं मी एकदा म्हटलं. ऑन्नी म्हणाली, फोनवरचा आकडा बघितला की खर्च करावासा वाटतो, इथला बघितला की लाज वाटते.

मला प्रथम तो पगार ऐकूनच धडकी भरली होती. २४ लाख! आपल्याकडे हा आकडा ज्याच्या नावापुढे असतो तो माणूस शनिवारी यंत्रापुढे रांग लावत नाही. मग रुपयात उतरवलं. एका रुपयाला साधारण १६ वॉन, म्हणजे महिना दीड लाख. वाईट नाही, पण परदेश म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतं तसंही नाही. त्यातून निवृत्तिवेतनाचे साडेचार टक्के जात, आरोग्य विम्याचे साडेतीनच्या आसपास, थोडा प्राप्तिकर. दिवाणजींच्या हाती पडत साडेएकवीस लाख. खाली डाव्या रकान्यात बारीक बारीक ओळी: गॅस, इमारतीची देखभाल, फोन, बाजारहाट. जानेवारीत गॅसची ओळ एकदम लांबट होई, कारण कोरियन घराची जमीनच खालून तापवलेली असते. ऑन्नी थंडीत दोन मोजे घालून बसे आणि तापमान खाली ठेवी. दिवाणजींना ते आवडत असावं. चैनीची एकच ओळ महिन्यातून एकदा येई, सोंगशिमदांगची. १९५६ साली सुरू झालेली ही बेकरी म्हणजे देजॉनचं ग्रामदैवतच म्हणायचं; तिचे लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड सारण भरून तळलेले पाव घ्यायला लोक सोलहून आगगाडीनं येतात. बाकी करमणूक फुकटची. युसाँगच्या उद्यानात गरम झऱ्याच्या पाण्याचं कुंड आहे, तिथे पाय बुडवून बसायला पैसे पडत नाहीत. आमच्या बऱ्याच गप्पा तिथे झाल्या, आजूबाजूच्या आज्यांच्या साक्षीनं.

हे साडेएकवीस लाख येत कुठून, हे समजायला हागवन समजायला हवा. हागवन म्हणजे खासगी शिकवणी वर्ग. आपल्याकडे लातूर आणि कोटा आहेत, तिथे प्रत्येक चौकात लातूर आहे, आणि त्यात पाच वर्षांचं पोरही जातं. २०२४ साली कोरियन पालकांनी शाळेबाहेरच्या शिकवणीवर २९.२ लाख कोटी वॉन खर्च केले, असं तिथलं सरकारच सांगतं. नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी सुनुंग ही विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा असते. तिच्यात इंग्रजी ऐकण्याचा भाग येतो तेव्हा साऱ्या देशात ३५ मिनिटं विमानं उतरू वा उडू देत नाहीत, मुलांना ध्वनिफीत नीट ऐकू यावी म्हणून. ज्या देशात इंग्रजीसाठी आकाश बंद ठेवतात, तिथे इंग्रजीच्या बाईंना फुकट घर मिळतं यात नवल नाही.

बाई मात्र कुठल्याही चालत नाहीत. ई-२ नावाचा व्हिसा लागतो, आणि त्याची मूळ यादी सात देशांची आहे: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. पदवी कशातलीही चालते. ऑन्नीची भूगोलातली होती. माझ्याकडे शिवाजी विद्यापीठाची इंग्रजीची एम. ए. होती, आणि नवऱ्याच्या मागे आलेल्या बायकोचा एफ-३ व्हिसा, ज्यावर नोकरी करता येत नाही. त्यामुळे असं होई की ऑन्नीला पाचवीच्या मुलांपुढे उद्या कोणता काळ कसा समजावायचा याची अडचण पडली की ती खाली माझ्याकडे येई. फळ्यावरचा पूर्ण वर्तमानकाळ कित्येकदा आमच्या स्वयंपाकघरातून गेलेला असे. त्याची नोंद दिवाणजींकडे नाही.

आता दिवाणजींनी दाखवलेल्या मर्दुमकीबद्दल. ही हकिकत मी येण्याच्या आधीची, ऑन्नीकडून ऐकलेली.

कोरियात एक वर्ष नोकरी पुरी केली की मालकानं सरासरी एका महिन्याचा पगार जास्तीचा द्यायचा, असा कायदा आहे. वर्षागणिक एक. नोकरी सुटल्यापासून १४ दिवसांच्या आत. परदेशातून शिकवायला येणाऱ्यांच्या बचतीचा हा खांब, आणि म्हणून काही मालकांच्या डोळ्यांतलं कुसळही हेच. कोणी शिक्षकाला अकराव्या महिन्यात काहीतरी खुसपट काढून घालवतो. कोणी सांगतो की तो पैसा दर महिन्याच्या पगारात धरलेलाच होता. ऑन्नीचा पहिला हागवन तिसऱ्या पंथाचा. त्यानं तिला कागदोपत्री नोकर दाखवलंच नव्हतं. स्वतंत्र व्यावसायिक दाखवलं होतं. अशा माणसाच्या पैशातून सरसकट ३.३ टक्के कर कापला की मालक मोकळा. निवृत्तिवेतन नको, विमा नको, वर्षाअखेरचा पगार नको. वर्ष संपलं आणि संचालकांनी हसून सांगितलं, तुम्ही आमच्या नोकरीत कुठे होता?

ऑन्नी कामगार कचेरीत गेली. तिथल्या अधिकाऱ्यांनी कामाचा पुरावा मागितला. करार होता, पण तो दोन भाषांत दोन गोष्टी सांगत होता. तेव्हा दिवाणजी टेबलावर उघडे पडले. बारा ओळी. प्रत्येक ओळ महिन्याच्या त्याच तारखेची, त्याच माणसाकडून आलेली, आणि प्रत्येक वेळी आकडा तोच: २०,३०,७००. एकवीस लाखांतून ३.३ टक्के वजा केले की हाच आकडा येतो. स्वतंत्र व्यावसायिकाची कमाई कमीजास्त होते, सुट्टीच्या महिन्यात घटते. बारा महिने एका पैशानं न हलणारा आकडा हा पगारच असतो. सोबत वर्गांचं वेळापत्रक, हजेरी आणि संचालकांचे हुकूम सोडणारे मेसेज होते. त्यांचंही वजन पडलं. तारखांना तारखा लागल्या, आणि शेवटी तेरावी ओळ उमटली. उशिरा, पण पुरी. ऑन्नी ते पान दाखवी तेव्हा त्याला हळूच बोट लावी. कोरियात शिकवायला जाणाऱ्या कोणालाही मी म्हणेन की पगार रोख घेऊ नका. दिवाणजींच्या हातून घ्या.

इतका खमका साक्षीदार एका बाबतीत मात्र ठार अडाणी होता. त्याला उधळपट्टी आणि बचत यांतला फरक कळत नसे. जे गेलं ते डावीकडच्या रकान्यात. ऑन्नी दर महिन्याला १२-१३ लाख वॉन अमेरिकेत पाठवी. पहिली काही वर्षं कर्जाच्या हप्त्यांना, पुढे शेअर बाजाराच्या निर्देशांकावर चालणाऱ्या फंडात. तिच्या आयुष्यातली सगळ्यात शहाणपणाची ओळ आणि तळलेल्या पावाची ओळ एकाखाली एक, एकाच शाईत. शिल्लक कायम दीड-दोन लाखांच्या आसपास. तिऱ्हाईतानं पासबुक पाहिलं असतं तर म्हटलं असतं, ही बाई महिन्याच्या महिन्याला सगळं उडवते.

याहून मोठी गफलत उलट बाजूची होती, आणि ती पकडायला मला वेळ लागला. लवकर निवृत्त होऊ पाहणाऱ्यांचा एक लाडका नियम आहे. विल्यम बेंगन या अमेरिकन आर्थिक सल्लागारानं १९९४ साली जुनी आकडेवारी तपासून मांडलं की पहिल्या वर्षी साठ्यातले चार टक्के काढले आणि पुढे महागाईप्रमाणे वाढवत नेले, तर साठा ३० वर्षं पुरतो. याचाच व्यवहारातला अर्थ असा की वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट जमवा. ऑन्नीनं दिवाणजींना विचारलं, माझा खर्च किती? दिवाणजी म्हणाले, महिना आठ लाख. वर्षाचे ९६ लाख, पंचवीसपट २४ कोटी वॉन. कपाटातला आकडा तो हा.

बेंगनची ३० वर्षं पासष्टीत थांबणाऱ्यासाठी असतात, चाळिशीत थांबणाऱ्याला पन्नास लागतील, हे एक झालं. पण मला खटकलं ते दुसरंच. आमच्या स्वतःच्या पासबुकात दर महिन्याला एक ओळ होती जी तिच्यात नव्हतीच. भाडं. त्याच इमारतीत, तसल्याच एका खोलीच्या घराचे साडेचार लाख आम्ही भरत होतो. तिचे हागवन परस्पर भरत होता. दिवाणजी ते लिहीत नसत, कारण त्यांच्या हातून ते जातच नव्हतं. आणि नोकरी सोडल्या दिवसापासून ते जाणार होतं. साडेचार लाख गुणिले बारा, गुणिले पंचवीस: साडेतेरा कोटी. तिच्या बचतीच्या वेगानं, व्याज न धरता, आणखी नऊ वर्षं. या सगळ्या बेताची मेख इथे आहे. परदेशी शिक्षक पगारातून श्रीमंत होत नाही. घराचं भाडं चुकतं म्हणून त्याच्या हाती पैसा उरतो, आणि तो पैसा पाहून तो अशा आयुष्याचा हिशेब मांडतो ज्यात भाडं चुकणार नसतं. मी हे कुंडात पाय सोडून बसलेली असताना बोलले. ऑन्नी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, मी थायलंडला राहीन, तिथे भाडं कमी. दुसऱ्या दिवशी तिनंच शोधून सांगितलं की थायलंडचा निवृत्तांचा व्हिसा वयाच्या पन्नाशीनंतर मिळतो, बँकेत आठ लाख बाट दाखवून. पन्नाशीच्या आत निवृत्त झालेल्या माणसाला थायलंडचं सरकार निवृत्त मानायला तयार नाही.

दिवाणजींचा आणखी एक स्वभाव म्हणजे ते फक्त वॉनमध्ये बोलत. खोटं कधी बोलले नाहीत, पण ऑन्नीचं कर्ज डॉलरमध्ये होतं. ती आली तेव्हा एका डॉलरला साधारण १,०२० वॉन पडत, पगार २१ लाख, म्हणजे दोन हजार डॉलरच्या वर. दहा वर्षांत पगार २४ लाखांवर चढला. दिवाणजींची पानं चाळली तर प्रगतीच दिसते. २०२४ च्या ३ डिसेंबरला रात्री राष्ट्राध्यक्ष यून सक-यॉल यांनी अचानक लष्करी कायदा पुकारला. खासदार कुंपणावरून उड्या मारून संसदेत शिरले आणि काही तासांत त्यांनी तो मोडून काढला, पण तोवर वॉन घसरला होता. इमारतीतले सगळे टीव्हीला चिकटलेले. ऑन्नी पायजम्यात आमच्याकडे बसून एका डोळ्यानं सैनिक आणि दुसऱ्यानं डॉलरचा भाव बघत होती. वर्षअखेरीला भाव १,४७० च्या घरात. २४ लाखांचे सोळाशे डॉलर आणि वर थोडे. दहा वर्षांच्या अनुभवानंतर तिचा पगार डॉलरमध्ये चारशेनं कमी झाला होता. दिवाणजींनी त्या महिन्यातही नेहमीसारखी ओळ छापली.

शेजारच्या सोयीच्या दुकानात रात्रपाळी करणाऱ्या पोराकडे पाहिलं की हे आणखी कळे. २०१४ साली कोरियातलं किमान वेतन तासाला ५,२१० वॉन होतं. महिन्याचं धरलं तर अकरा लाखांच्या आत. ऑन्नीला त्याच्या जवळजवळ दुप्पट मिळत होते. २०२४ साली ते तासाला ९,८६० झालं, महिन्याचे वीस लाख साठ हजार. म्हणजे पदवी, व्हिसा आणि सातांतला एक पासपोर्ट या सगळ्याची किंमत तेव्हा दुकानातल्या पोरापेक्षा सुमारे तीन लाख चाळीस हजार जास्त, अधिक एक खोली. मागणी तरी वाढेल का? एका कोरियन बाईमागे सरासरी मुलं २०२३ साली ०.७२ वर आली होती. ऑन्नीच्या हागवनमधला बालवर्गाचा एक वर्ग बंद झाला होता, आणि त्या खोलीत आता फोटोकॉपीचं यंत्र होतं.

दिवाणजींचे वॉशिंग्टनशीही संबंध होते, हे फार थोड्यांना माहीत असेल. अमेरिकन माणसाच्या परदेशी खात्यांत मिळून वर्षात केव्हाही १०,००० डॉलरच्या वर रक्कम गेली की त्याला आपल्या सरकारला तसं कळवावं लागतं. शिल्लक तेवढी वाढूच नये म्हणून ऑन्नी पैसे लगेच पाठवी. परदेशातल्या कमाईवर ठरावीक मर्यादेपर्यंत अमेरिका कर सोडून देते. २०२४ साठी ती मर्यादा १,२६,५०० डॉलर होती, ऑन्नीच्या पगाराला ती आयुष्यात शिवणार नव्हती. वाटतं की केवढी सवलत. पण सगळी कमाई करमुक्त दाखवली की तिकडच्या आयआरए या निवृत्तीच्या खात्यात पैसे भरण्याचा हक्क जातो, कारण तिथे करपात्र कमाईतूनच भरता येतं. निवृत्तीसाठी राबणाऱ्या बाईला निवृत्तीचं खातंच वर्ज्य. हे तिला चौथ्या वर्षी कळलं. बाजारात फंड होते म्हणून निभावलं.

दहा वर्षांत दिवाणजींचे तीन अवतार झाले. एक भरला की खिडकीतली मुलगी त्याची काळी पट्टी निकामी करी आणि नवा काढून देई. २०१७ नंतर कोरियन बँकांनी कागदी पासबुक आपण होऊन देणं आवरतं घेतलं. मागेल त्याला किंवा साठी उलटलेल्याला ते मिळे. ऑन्नी मागे. खिडकीतल्या मुलीला वाटे, या परदेशी बाईला ॲप वापरता येत नाही. रांगेत तिच्या मागेपुढे सगळे निवृत्त लोक, आणि निवृत्तीची सगळ्यात घाई असलेली ही एकटी.

या दिवसांत सांगलीहून भाच्याचा फोन आला. एम. ए., बी. एड., तासिका तत्त्वावर नोकरी. मावशी, तिकडे इंग्रजीचे शिक्षक लागतात म्हणे? लागतात. भारत आणि कोरिया यांच्यात २००९ साली व्यापारी करार झाला, तो २०१० च्या पहिल्या दिवसापासून लागू आहे, आणि त्यात शिक्षकाची रीतसर पात्रता असलेल्या भारतीयांसाठी शाळांमध्ये इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून येण्याची वाट ठेवलेली आहे. वाट आहे, वर्दळ नाही. जाहिराती उघडाव्यात तर त्याच सात देशांची नावं, आणि अर्जाला फोटो जोडायचा. त्याला मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. आईच्या नावावरचं घर भाड्याशिवाय आहे तोवर सांगलीतही दिवाणजी ठेव, असंही सांगितलं. तो हसला. पंचविशीत भाड्याचं महत्त्व कुणाला कळलं आहे?

२०२५ च्या फेब्रुवारीअखेर ऑन्नी गेली. कर्ज केव्हाच फिटलं होतं. फंडात कपाटातल्या आकड्याच्या निम्म्याहून जास्त जमलं होतं. साडेतेरा कोटी मिळवलेल्या नव्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. याला लवकर निवृत्ती म्हणता येणार नाही. भूगोलाची पदवी आणि कर्ज घेऊन ओहायोत राहिली असती तर यातलं काहीच झालं नसतं, हेही तितकंच खरं. चार-पाच वर्षांत कर्ज फेडायला कोरिया उत्तम, आयुष्यभराचं कमवायला तोकडा, असा माझा निकाल. तिचाही साधारण तोच होता, फक्त तिनं तो जास्त शिव्या घालून सांगितला.

जाण्याआधी खातं बंद केलं. खिडकीतल्या मुलीनं दिवाणजींच्या शेवटच्या ओळीखाली शिक्का मारला, शिल्लक शून्य. निवृत्तिवेतनाचे पैसे मात्र त्यात कधी आलेच नाहीत. तिचे साडेचार टक्के आणि हागवनचे साडेचार टक्के साडेनऊ वर्षं सरकारी फंडात जमत होते. अमेरिकन, कॅनेडियन आणि ऑस्ट्रेलियन माणसाला देश सोडताना ते एकरकमी परत मिळतात. ब्रिटिश माणसाचेही तेवढेच कापतात आणि परत देत नाहीत. शेजारच्या वर्गात शिकवणाऱ्या एका लंडनकराला हे सांगताना ऑन्नीला अवघडल्यासारखं झालं होतं. इन्चॉन विमानतळावर या परताव्याची खिडकी आहे, तिथे विमानात बसण्याआधी पैसे हातात देतात. तिला सुमारे १७,००० डॉलर मिळाले. दहा वर्षांतली ही तिची सगळ्यात मोठी एकरकमी जमा, आणि दिवाणजींच्या तिन्ही वह्यांत तिची नोंद नाही. ओहायोतल्या तिच्या गावी एका खोलीच्या घराला महिना ७०० डॉलर पडतात. त्या पैशात दोन वर्षांचं भाडं निघेल.